मदतनिधीच्या कार्यक्रमाचं ‘फुल पॅकेज’: मंडप त्यांचा घ्या, पेटी आपली ठेवा

मंडप, खुर्च्या, स्टेज, डॉल्बी, लाईट, जनरेटर, आचारी, कुपनं, परवानग्या आणि जमा होणाऱ्या पैशाचा हिशेबसुद्धा एकाच माणसाच्या हाती सोपवायचा, मंडळाने फक्त पाहुण्यांचं स्वागत करायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले मंडपवाले आता असं ‘फुल पॅकेज’ देतात. शाळेच्या खोलीवर पत्रे घालायचे असोत, देवळाचा जीर्णोद्धार असो की गल्लीतल्या कुणाच्या ऑपरेशनला मदत, निधीसाठी एक संध्याकाळ ठरली की पंच मंडळी पहिला फोन मंडपवाल्याला करतात आणि तो हे पॅकेज पुढे करतो.

इथे परीक्षण कुठल्याही एका दुकानाचं केलेलं नाही. हे पॅकेज ज्या स्वरूपात विकलं जातं त्याचं आहे, आणि मोजमापासाठी पाचशे माणसांचा कार्यक्रम धरला आहे: संध्याकाळी गाण्यांचा किंवा नाटकाचा कार्यक्रम, सोबत कुपनावर जेवण. मत आधीच सांगतो. यातला लोखंडी-कापडी भाग बिनधास्त घ्यावा. आचारी अटी घालून घ्यावा. परवानग्यांचं काम अर्धंच द्यावं. पैशाला मात्र त्यांचा हात लागू देऊ नये, आणि लकी ड्रॉची कुपनं तर फुकट छापून देतो म्हटलं तरी नकोत.

मंडप आणि बसण्याची जागा

मंडपात या लोकांचा हात बसलेला आहे हे मान्य करायला हवं. बांबूच्या जागी लोखंडी पाईपचा सांगाडा आला, क्लॅम्प आले, उभारणी एका दिवसात होते. तात्पुरत्या मंडपांच्या आगीच्या काळजीसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. अग्निशामक दलाच्या सूचनाही बऱ्याचशा त्याच धर्तीवर असतात: छत किमान ३ मीटर उंच, विजेच्या चालू तारेखाली मंडप नाही, ट्रान्सफॉर्मर आणि भट्टीपासून १५ मीटर अंतर, मंडपात कुठेही बसलेल्या माणसाला बाहेर पडायला १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, आणि कुठलाही दिवा किंवा वायर कापडाच्या १५ सेंटिमीटरच्या आत नको.

यातली कापडाची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. सिंथेटिक कापड आणि दोर वापरू नयेत असं लिहिलेलं असतं, पण पॅकेजमधली झालर, छताचं सॅटिन आणि पडदे बहुतेक पॉलिस्टरचेच असतात, कारण ते धुवायला सोपे आणि चमकदार. सुती कापड पेटलं तर राख होऊन खाली येतं. पॉलिस्टर वितळतं आणि जळते थेंब खालच्या माणसांच्या डोक्या-खांद्यावर पडून चिकटतात. ओळखायला काही लागत नाही. झालरीच्या टोकाचे चार दोरे तोडून घ्या, मोकळ्या जागेत दगडावर ठेवून काडी लावा. राख चुरगळली तर सुती. काळा कडक मणी तयार झाला तर पॉलिस्टर. मणी आला की निदान स्टेजमागचा पडदा, स्वयंपाकाकडची बाजू आणि दिव्यांच्या वरचं छत एवढं तरी सुती लावून मागा. पैसे थोडे वाढतील, ते द्या.

दुसरा घोळ जागेच्या हिशेबात होतो. कोटेशनमध्ये माणशी पाच चौरस फूट धरून ‘पाचशे माणसांना अडीच हजार फूट’ असं लिहिलं जातं. खुर्च्या मांडून पाहा. एका ओळीत सलग बारापेक्षा जास्त खुर्च्या नकोत, म्हणजे मध्ये वाट ठेवून दोन्हीकडे बारा-बारा. खुर्ची पावणेदोन फूट धरली तर दोन गटांना ४२ फूट, मधली वाट ५ फूट, दोन्ही कडांना चार-चार फूट: रुंदी ५५ फूट. चोवीसच्या एकवीस ओळी, ओळीला ३ फूट म्हणजे ६३, आणि दर दहा ओळींनंतर पाच फुटांची आडवी वाट, म्हणजे आणखी १०. एकूण ५५ गुणिले ७३, चार हजार चौरस फूट, तेही स्टेज सोडून. माणशी आठ फूट आले. मधले दीड हजार फूट कमी पडतात तेव्हा पहिल्यांदा वाटाच खुर्च्यांनी भरल्या जातात, आणि गडबड झाली की माणसं खुर्च्यांत अडकतात. प्लॅस्टिकच्या सुट्या खुर्च्या धक्क्याने उलटून पायात येतात, म्हणून चार-चार खुर्च्या सुतळीने एकत्र बांधायला सांगायचं. हे काम दोन पोरं तासाभरात करतात. पॅकेजवाले स्वतःहून कधीच करत नाहीत.

गल्लीतल्या मंडपाची अडचण वेगळी आहे. गल्लीला तोंडं दोन, त्यातलं एक स्टेजने बंद होतं. राहिलेल्या तोंडाशी स्वागताची कमान, चपलांचा ढीग, देणगीचं टेबल आणि पानाची टपरी. म्हणजे पाचशे माणसांना वाट एकच, तीही अडलेली. स्टेजच्या एका बाजूने किमान पाच फुटांची वाट मोकळी ठेवून घ्या, तिथे पडदा नको, जनरेटरची केबल नको, सामानाची पेटी नको. देणगीचं टेबल कमानीच्या वीस-पंचवीस फूट अलीकडे, बाहेरच्या बाजूला घ्या. ज्यांच्या घरांची दारं मंडपात उघडतात त्यांच्या दारासमोर खुर्ची लावू नका. वेळ आली तर ती दारंच तुमच्या जादा वाटा ठरतात. घरमालकांना आधी सांगून ठेवावं.

४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरीत ११ जण गेले. दाराशी जमलेली माणसं आत मावणाऱ्या माणसांच्या कितीतरी पट होती आणि आत सोडायचं कुणाला याचा गोंधळ होता. गल्लीतल्या कार्यक्रमात हाच गोंधळ कुपनांमुळे होतो. जागा पाचशेची आणि ‘सगळे थोडेच येतात’ म्हणून कुपनं बाराशे छापलेली. पॅकेजवाला हजाराच्या पटीत छापायचा आग्रह धरतो कारण छपाई स्वस्त पडते. ऐकू नका. जेवण दोन पंगतींत असेल तर कुपनावरच पंगतीची वेळ छापा आणि दोन पंगतींचे रंग वेगळे ठेवा.

वाऱ्याचं कलम करारात असायलाच हवं. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो तो आधी वारा घेऊन येतो, आणि चारी बाजूंनी पडदे लावलेला मंडप शिडासारखा फुगतो. बाजूचे पडदे खालून सुटतील असे बांधावेत, मेखा किमान अडीच-तीन फूट आत जाव्यात. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर मेख सैल होते, तिथे पाईपच्या पायाशी वाळूची पोती बांधायची. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः खानापूरच्या घाटाकडच्या गावांत, ताडपत्रीवर पाणी साठून पोट धरतं. ते बांबूने खालून ढकलताना कडेला बसलेल्यांच्या अंगावर शंभर-दोनशे लिटर पाणी एकदम येतं आणि क्लॅम्पही निसटतो. उतार दिलेली ताडपत्री मागा. बाजारात ती असते, फक्त मागावी लागते.

वीज

हे प्रकरण पॅकेजवाले सगळ्यात हलक्यात घेतात. हेस्कॉमकडून, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडून, तात्पुरतं कनेक्शन घ्यायला पाहिजे. खांबावर आकडा टाकणं ही वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी आहे, आणि अर्जावर सही मंडळाच्या अध्यक्षांची असते, मंडपवाल्याची नसते.

लोखंडी मंडपाचा एक धोका बांबूच्या मंडपाला नव्हता. एका जागी वायरचं कातडं सोललं आणि पाईपला लागलं की अख्खा सांगाडा भारित होतो. ओल्या गवतावर अनवाणी उभं असलेलं पोर पाईपला हात लावून उभं राहतं. म्हणून तीन गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो खरंच पडतो का, आणि सांगाड्याला अर्थिंगची वायर जोडलेली आहे का. तारांचे जोड जमिनीवर नकोत, टेपने गुंडाळलेले तर नकोतच. नुसता एमसीबी दाखवून ‘सेफ्टी आहे’ म्हणतील. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो.

जनरेटर किती मोठा? चारशे वॅटचे आठ मेटल हॅलाइड दिवे म्हणजे ३.२ किलोवॅट, डॉल्बीला ४, स्वयंपाकाकडच्या ग्राइंडर-मिक्सरला २, पंखे आणि किरकोळ १. दहा किलोवॅट झाले. ०.८ ने भागले की साडेबारा केव्हीए, आणि मोटार सुरू होताना जोर लागतो म्हणून १५ केव्हीए घ्यावा. पॅकेजमध्ये साडेसातचा येतो, ग्राइंडर सुरू केला की दिवे मंदावतात आणि आवाज तुटतो. मग कुणीतरी अंधारात फ्यूज बदलायला हात घालतं. डिझेल भरताना मशीन बंद आणि थंड हवं. जनरेटर आणि हेस्कॉम यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर जनरेटरची वीज उलट लाईनवर चढते, आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेला लाईनमन मरतो. ही अट मान्य नसणाऱ्याचं पॅकेज घेऊच नये.

आचारी आणि जेवण

जेवण हा निधीच्या कार्यक्रमाचा सगळ्यात प्रामाणिक विक्रीमाल आहे. ठरलेली किंमत, ठरलेलं ताट. आपल्याकडचे आचारी मोठ्या पंगतीत तरबेज आहेत, भात-आमटी-भाजी-खीर ते डोळे मिटून करतील. पाचशे पानांना साधारण ४५ ते ५० किलो तांदूळ, १५ किलो तूरडाळ, ४० किलो बटाटा, आणि गव्हाची खीर (इकडे बरेच जण हुग्गीच म्हणतात) असेल तर २० किलो गहू आणि २० ते २५ किलो गूळ. याच्या दीडपट यादी आली तर विचारा. उरलेला शिधा कुणाच्या घरी जातो ते ठरलेलं असतं.

चूक होते ती वेळेत. कार्यक्रम सहाचा, पंगत साडेआठला, आणि भात दुपारी तीनला उतरवून हंड्यात झाकून ठेवलेला. कोमट भातात काही जंतूंचे बीज शिजल्यावरही तग धरतात आणि पाच-सहा तासांत विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. रात्री उलट्या सुरू होतात तेव्हा दोष पनीरला किंवा पाण्याला दिला जातो. उपाय सोपा आहे: भात दोन घाण्यांत करायचा, पहिला सातला उतरेल असा आणि दुसरा साडेआठला. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहील असं ठेवायचं, आणि ते मोजायला सळईचा थर्मामीटर ठेवायचा. दुधाची खीर असेल तर दूध शेवटी. प्रत्येक पदार्थाची वाटीभर बरणी झाकण लावून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा, तक्रार आली तर तपासायला तेवढंच हातात असतं.

आचाऱ्याचा एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणी क्रमांक मागा आणि फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर तो चालू आहे का ते बघा; दोन मिनिटांचं काम आहे. गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचाच हवा. घरगुती १४.२ किलोची टाकी अशा कामाला वापरणं बेकायदा आहे आणि पॅकेजमध्ये ती सर्रास असते. परवान्याशिवाय एका जागी एकूण १०० किलोपर्यंतच गॅस ठेवता येतो, म्हणजे १९ च्या पाच टाक्या, ९५ किलो. सहावी टाकी आणली की नियम मोडला. भट्टी मंडपापासून लांब, पत्र्याच्या आडोशात, टाक्या उभ्या. शेजारी सहा किलोचा एबीसी अग्निशामक (काटा हिरव्यात आहे ना ते बघा) आणि ओली पोती. तेलाच्या कढईला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, हे आचाऱ्याच्या हाताखालच्या पोरांना त्या दिवशी सकाळी पुन्हा सांगावं.

थर्माकोलच्या वाट्या, प्लॅस्टिकची ताटं आणि फ्लेक्स यांवर कर्नाटकात मार्च २०१६ पासून बंदी आहे. पॅकेजमध्ये तरी तीच येतात. सुपारीच्या पानांची ताटं आपल्याकडे मुबलक मिळतात, ती लिहून घ्या. फलक कापडी करा.

परवानग्या: अर्धं काम द्या

इथे पॅकेजचा खरा उपयोग आहे आणि तो नाकारणं बरोबर होणार नाही. अर्ज कन्नडमध्ये असतात. मराठी मंडळांतल्या बऱ्याच जणांना कन्नड बोलता येतं, पण कार्यालयीन कन्नडमध्ये अर्ज लिहिता येत नाही. मंडपवाल्याचा माणूस रोज त्याच खिडकीवर असतो, शहरात महापालिका आणि पोलीस ठाणं, गावात ग्राम पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि पोलीस ठाणं, मग हेस्कॉमचं सेक्शन ऑफिस आणि अग्निशामक दल, सगळीकडे त्याची ये-जा असते. धावपळ त्याला द्या.

मजकूर मात्र आपला असू द्या. ठिकाण, तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, माणसांचा आकडा, ध्वनिक्षेपक किती, जबाबदार पाच जणांची नावं, हे सगळं मराठीत लिहून त्याला द्यायचं आणि त्याने केलेला कन्नड अर्ज गल्लीतल्या कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्यायचा, मगच सही. नेहमी होणारी चूक अशी: परवानगी लवकर मिळावी म्हणून तो ‘२०० लोक’ लिहितो. पोलीस त्या आकड्यावर बंदोबस्त देतात, आणि काही झालं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका सही करणाऱ्यावर येतो. शिक्का मारलेली पोच मंडळाच्या फाईलमध्ये हवी, मंडपवाल्याच्या मोबाईलमधला फोटो पुरत नाही. अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा.

आवाजाचं गणित ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं; तुमच्या निधीच्या कार्यक्रमाला ती आपोआप लागू होत नाही. दवाखाना, शाळा आणि कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र. बाहेर, जागेच्या हद्दीवर, परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर ६५ च. कोटेशनमधले चार बेस चार टॉप स्पीकर पाचशे माणसांच्या गाण्याला लागतच नाहीत. दोन टॉप पुरतात, भाडं कमी होतं, आणि शेजारची म्हातारी माणसंही कार्यक्रम ऐकायला येतात.

गाण्यांच्या हक्कांचं काय, हे कोणी विचारत नाही. हौशी मंडळाने विनातिकीट किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या नाटक-गाण्याच्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. शाळेच्या पत्र्यांसाठी तिकीट लावून व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आणला तर ती लागू होत नाही, हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना घ्यावा लागतो. नाटक असेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आणि मानधन. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर नाटक-संगीताच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही.

लकी ड्रॉ: हे घेऊच नका

पॅकेजमधली सगळ्यात आकर्षक ओळ हीच असते. ‘शंभर रुपयांची तीन हजार कुपनं, पहिलं बक्षीस मोटारसायकल, दुसरं फ्रिज, छपाई आमची.’ पैसे घेणं, चिठ्ठीने नशीब ठरवणं आणि बक्षीस देणं ही तिन्ही एकत्र आली की ती लॉटरी झाली, मग कुपनावर ‘देणगी’ छापा नाहीतर ‘प्रवेशिका’. परवानगीशिवाय लॉटरीची जागा चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिची जाहिरात करणंही त्याच कलमात येतं, म्हणजे व्हॉट्सअॅपवर बक्षिसांचा फोटो फिरवणारा पोरगाही अडकतो.

सीमेवर या बाबतीत फार गैरसमज आहे. महाराष्ट्रात राज्य लॉटरी चालते, कागल-गडहिंग्लजच्या दुकानात तिकीट दिसतं, म्हणून निपाणीत काय हरकत असं वाटतं. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली आहे. मुळात महाराष्ट्रातही सरकारची लॉटरी चालते म्हणून मंडळाला स्वतःची काढायची मोकळीक मिळत नाही. पैसे लावून हाऊजी खेळवणं हेही जुगाराच्याच वाटेने जातं.

बक्षिसाची ओढ हवीच असेल तर लिलाव करा, आपल्याकडचा सवाल. नारळ, साडी, गावच्या सुताराने केलेलं पाट-चौरंग, शेतकऱ्याने दिलेलं तांदळाचं पोतं. जो जास्त बोलेल त्याला वस्तू मिळते, नशिबाचा भाग नाही. वस्तू देणाऱ्याचं नाव, बोली, घेणाऱ्याचं नाव आणि पैसे मिळाल्याची पावती हे त्याच क्षणी वहीत उतरलं पाहिजे. ‘उद्या देतो’ वर सोडलेली बोली बहुतेक वेळा बुडते. कबड्डी किंवा क्रिकेटच्या स्पर्धा प्रवेश फी घेऊन भरवणंही चालतं, तिथे कौशल्य आहे.

पैसा

पॅकेजमध्ये ‘कलेक्शन मॅनेजमेंट’ म्हणून एक ओळ असते. क्यूआर त्यांचा, साउंडबॉक्स त्यांचा, माणूस त्यांचा. आठ दिवसांनी त्यांचा आकडा आणि त्यातून टक्केवारी कापून उरलेले पैसे. ही ओळ कोटेशनवर पेनाने खोडून टाका. देणारा माणूस शाळेच्या पत्र्याला देतो, मंडपवाल्याच्या टक्क्याला देत नाही. शिवाय पैसा दुसऱ्याच्या खात्यात गेला की किती आला हे सिद्ध करायला मंडळाकडे काहीच राहत नाही.

खातं मंडळाच्या नावाने हवं. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली किमान सात सभासदांवर संस्था नोंदता येते. मग पॅन, ठराव, आणि दोन सह्यांचं बँक खातं. खजिनदाराच्या स्वतःच्या क्यूआरवर पैसे घेतले तर ते कागदावर त्याचंच उत्पन्न दिसतं, आणि भला माणूस नोटिसांत अडकतो. क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवण्याची चोरी सोपी आहे: कार्यक्रमाच्या दिवशी दर तासाला एक रुपया पाठवून स्क्रीनवर मंडळाचंच नाव येतं का ते बघा. खानापूरच्या आतल्या गावांत नेटवर्क जातं, तिथे साउंडबॉक्स बोलला नाही तर पावती फाडायची नाही, बँकेचा संदेश आल्यावरच.

पावती पुस्तकं अनुक्रमांकांची, पन्नास पानांची, दोन प्रतींची. कुठलं पुस्तक कुणाला दिलं त्याची सही घ्या आणि न वापरलेली पुस्तकंही परत घ्या. गायब झालेलं पुस्तक वर्षभर वर्गणी गोळा करत फिरतं. छपाई कोल्हापूर-इचलकरंजीकडे होत असेल तर प्रूफ नीट वाचा. तिकडच्या साच्यात ‘धर्मादाय आयुक्त’ आणि महाराष्ट्राचा नोंदणी क्रमांक असलेली ओळ तशीच राहते. ती कर्नाटकातल्या मंडळाच्या पावतीवर छापणं म्हणजे खोटी नोंदणी दाखवणं. उलट, पलीकडे चंदगड-कागलला जाऊन वर्गणी मागायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी ची परवानगी पाहावी लागते. रस्त्यावर दोर धरून गाड्या अडवणं दोन्हीकडे गुन्हा आहे, आणि मुलांना त्यात उभं करणं त्याहून वाईट.

‘८०जी’ ची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकराची, सवलत मिळेल असं पॅकेजच्या पत्रकावर परस्पर छापलेलं असतं. मंडळाला ती मान्यता नसेल तर ती ओळ काढा. मान्यता असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी देणगी चेकने किंवा यूपीआयने घ्या.

गोव्यात आणि परदेशात आपली पुष्कळ माणसं आहेत. भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. पण ज्याने पोर्तुगीज किंवा दुसरा परदेशी पासपोर्ट घेतला आहे तो कायद्याने परदेशी नागरिक, मग तो गल्लीत वाढलेला असला तरी. त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत. क्यूआर परदेशातल्या ग्रुपवर टाकण्याआधी हे सांगून ठेवा.

रोख मोजणी मंडपात, उजेडात, तिघांनी. नोटांचा तक्ता (पाचशेच्या किती, दोनशेच्या किती), तिघांच्या सह्या, पिशवीला सील, आणि पुढच्याच कामाच्या दिवशी जशीच्या तशी बँकेत. मंडपवाला त्याच रात्री ‘माझे रोख द्या, बिल नंतर’ म्हणतो. पेटीतून एक रुपयाही द्यायचा नाही. त्याचं बिल चेकने, सामान मोजून झाल्यावर.

आणि सामान मोजणं त्या रात्रीच करायचं, दोघांनी, खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्या लावून. उभारणीच्या दिवशी किती आल्या याचा आकडा त्याच्या सहीने घेतलेला नसेल तर ‘वीस खुर्च्या कमी’ ही ओळ बिलात येतेच. कराराच्या कागदावर आणखी दोन गोष्टी असाव्यात: कार्यक्रम सुरू असताना त्याचा वायरमन जागेवर हजर राहील, आणि मंडप पडून कुणाला इजा झाली तर भरपाईचा विमा कुणाचा. विमा कंपन्या एका दिवसाच्या कार्यक्रमाची पॉलिसी देतात.

आठ दिवसांच्या आत जमाखर्च देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावावा, मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही वाचणारे देणगीदार गल्लीत आहेत म्हणून. जमेत कुपनं, लिलाव, यूपीआय आणि रोख वेगवेगळी. खर्चात मंडप, वीज, जेवण, छपाई वेगवेगळी. खाली बँकेत राहिलेली रक्कम आणि पत्र्यांचं कोटेशन. मंडपवाल्याच्या बिलाची झेरॉक्स त्याच कागदाशेजारी चिकटवा. पुढच्या वर्षी शेजारच्या गल्लीला पॅकेज घ्यायचं असेल तर ते आधी तोच कागद वाचायला येतील.